फिल्टर बदलला आणि गाडी सुरूच होईना? आधी एअर काढा, मग पंपाकडे बघा

पावसाळा संपला की जुन्या डिझेल गाड्यांचे फिल्टर बदलण्याची कामे निघतात. काम तसे अर्ध्या तासाचे. जुना फिल्टर काढला, नवा बसवला, चावी फिरवली. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. दहा-पंधरा वेळा चावी मारून बॅटरी उतरते, बघायला चारजण जमतात आणि त्यातला एकजण छातीठोकपणे सांगतो, ‘पंप गेला!’

बहुतेक वेळा पंप गेलेला नसतो. फिल्टर बदलायच्या आधी जी गाडी व्यवस्थित चालत होती, तिचा पंप नेमका त्याच अर्ध्या तासात बिघडण्याची शक्यता फार कमी. अर्ध्या तासात बदललेली गोष्ट एकच असते : डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरलेली असते. गॅरेजच्या भाषेत ‘गाडीनं एअर धरली’. ती नीट क्रमाने काढली तर गाडी त्याच जागेवर सुरू होते. घाई केली तर काहीशे रुपयांच्या फिल्टरचे काम सेल्फ, बॅटरी आणि पंप खोलण्याच्या काही हजारांच्या खर्चावर जाते.

बेळगाव, खानापूर, चंदगड, सावंतवाडीपासून गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात जुनी डिझेल गाडी म्हणजे अनेकांचे पोट. बेळगावची भाजी गोव्याच्या बाजारात पहाटे पोचायची तर गाडी रात्रीच सुरू व्हायला हवी. त्यामुळे हा विषय फक्त मेस्त्रीने समजून घ्यायचा नाही, चालकालाही माहीत हवा.

डिझेल इंजिनला हवेचे वावडे का?

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण वीसपट लहान जागेत दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडाला की ते आपोआप पेटते.

हा फवारा उडायला प्रचंड दाब लागतो. कारच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते. जुन्या डिझेल कारचे नोझल उघडायलाच सव्वाशे-दीडशे बार दाब लागतो, काही इंजिनांत दोनशेच्याही वर. पंप डिझेल दाबतो तेव्हा ते दबत नाही, म्हणून दाब सरळ नोझलपर्यंत पोचतो. पाईपमध्ये हवेचा बुडबुडा असेल तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो. हवा स्प्रिंगसारखी दबते आणि पुन्हा फुगते, नोझल काही उघडत नाही.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. विहिरीवरच्या मोटारीत पाणी भरल्याशिवाय ती पाणी उचलत नाही. सक्शन पाईपचा जोड ढिला असेल तर बाहेर पाण्याचा थेंब दिसत नाही, पण मोटर हवा ओढत राहते. डिझेल गाडीचे तसेच आहे. टाकी खाली, पंप वर. मधल्या पाईपमधून डिझेल ओढले जाते. त्या भागात फट असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत जाते. ‘कुठंच गळत नाही, मग हवा येणार कुठनं?’ हा प्रश्न इथेच चुकतो.

आधी गाडीचा प्रकार ओळखा

एअर काढण्याची पद्धत पंपावर ठरते. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, लाईन पंप. ट्रॅक्टर, जुने ट्रक आणि काही जुन्या टेम्पोंमध्ये हा दिसतो. पंपाच्या अंगाला छोटा फीड पंप असतो आणि त्याला हाताने मारायचा दट्ट्या असतो. फिल्टरही बहुतेक वेळा जोडीने असतात.

दुसरा, रोटरी पंप. जुन्या डिझेल कार आणि अनेक जीपमध्ये हा असतो. यात हाताचा पंप सहसा फिल्टरच्या डोक्यावर बटणासारखा असतो, किंवा पाईपमध्ये रबरी फुगा असतो.

तिसरा, कॉमन रेल. गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक डिझेल कार या प्रकारच्या आहेत. यांचा दाब हजार बारच्या पुढे जातो. या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

पहिल्या दोन प्रकारांत बेंगळुरूच्या मायको कंपनीचे पंप देशभर इतके पसरले की कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाले तरी जुने मेस्त्री अजून ‘मायकोचा पंप’ असेच म्हणतात.

बसवतानाच निम्मे काम होते

गाडी सुरू न होण्याची बरीच कारणे नवा फिल्टर बसवतानाच तयार होतात.

जुन्या फिल्टरची रबर रिंग कधीकधी वरच्या डोक्याला चिकटून राहते. ती न काढता नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकावर एक बसतात आणि हवा ओढायला जागा मिळते. म्हणून जुनी रिंग हातात आली की नाही, हे आधी बघावे. बैठक स्वच्छ चिंधीने पुसावी, नव्या रिंगला डिझेलचे बोट लावावे. फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर रिंग टेकल्यानंतर हातानेच अर्धा ते पाऊण फेरा आवळावा. पट्ट्याच्या पान्याने जोर लावला की रिंग फाटते किंवा फिरते.

यांत्रिक पंपाच्या गाडीत नवा फिल्टर आधी डिझेलने भरून बसवला तर काढायची हवा बरीच कमी होते. पण डिझेल ओतायचे कुठून? फिरवून बसवायच्या बहुतेक फिल्टरला कडेने छोटी भोके असतात, ती कचऱ्याची बाजू. मधले मोठे भोक गाळलेल्या डिझेलचे. मधून ओतलेले डिझेल न गाळता थेट पंपात जाते. म्हणून स्वच्छ डिझेल कडेच्या भोकांतून, सावकाश ओतावे.

फिल्टरवर बाण असेल तर तो इंजिनाच्या दिशेने हवा. दोन पाईप उलटे लागले तर कितीही पंप मारला तरी उपयोग नाही. काढण्यापूर्वी मोबाईलवर एक फोटो घेतला की हा घोळ होत नाही. बेंजो बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वायसर असतात. ते दबून चपटे झाले असतील तर नवे घालावेत, काही रुपयांचीच वस्तू आहे.

जुन्या फिल्टरमधले डिझेल फेकून देऊ नये. काचेच्या बाटलीत ओतून रात्रभर ठेवावे. सकाळी तळाला पाण्याचा थर दिसला तर दोष टाकीत आहे. सीमाभागात याला एक खास कारणही आहे. डिझेलवरचा कर प्रत्येक राज्याचा वेगळा, त्यामुळे नाक्याच्या अलीकडे एक दर आणि पलीकडे दुसरा. स्वस्त बाजूला कॅन भरून आणायचे आणि घरी साठवायचे, ही सवय अनेकांना आहे. त्या कॅनमधला गाळ आणि पावसाळ्यात आत जमलेले पाणी शेवटी फिल्टरमध्येच येते. अर्ध्या रिकाम्या टाकीतही दमट हवेचे पाणी होते.

एअर काढायची ती टाकीकडून इंजिनाकडे

क्रम महत्त्वाचा. आधी फिल्टर, मग पंप, मग इंजेक्टर. उलट क्रमाने केले तर काढलेली हवा मागून पुन्हा येते.

सुरुवातीला टाकीत पुरेसे डिझेल आहे का ते बघावे. काटा रिझर्व्हला आणि गाडी चढाला तोंड करून उभी असेल तर टाकीतल्या पाईपचे तोंड उघडे पडू शकते. पाच-दहा लिटर डिझेल घालून गाडी सपाट जागेवर घ्यावी. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. खाली चिंधी आणि एखादा डबा ठेवावा, कारण डिझेल रबरी पाईप आणि इंजिनाच्या फाउंडेशन रबरावर पडले की रबर खराब होते.

पहिला टप्पा फिल्टरचा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू एक-दीड फेरा ढिला करावा आणि हाताचा पंप मारायला लागावे. आधी नुसती हवा फुसफुसते, मग फेस येतो, मग बुडबुडे असलेले डिझेल येते आणि शेवटी सलग धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. पंप थांबवून आवळला तर हवा परत आत जाते. यासाठी दोन माणसे असली तर बरे. पंप पन्नास-साठ वेळा मारावा लागला तर घाबरू नये, पूर्ण फिल्टर भरायचा असतो. शेवटी बटण किंवा फुगा हाताला कडक लागला पाहिजे. तो मऊच राहत असेल तर मागून हवा येतेच आहे.

दुसरा टप्पा पंपाचा. लाईन पंपाच्या अंगावर एअर स्क्रू असतो, तो ढिला करून वरीलप्रमाणेच धार येईपर्यंत दट्ट्या मारायचा. रोटरी पंपावर असा स्क्रू नसेल तर डिझेल आत येण्याच्या जोडावरचा बोल्ट किंचित ढिला करून तिथली हवा काढतात. पुढची थोडी हवा रिटर्न पाईपमधून आपोआप टाकीकडे जाते.

इतके झाल्यावर बऱ्याच गाड्या दोन-तीन सेल्फमध्ये पकडतात. नाही पकडली तर तिसरा टप्पा इंजेक्टरचा. इंजेक्टरला येणाऱ्या लोखंडी पाईपचे नट, बहुतेक १७ किंवा १९ नंबरच्या पान्याचे, इंजेक्टरच्या बाजूला अर्धा ते एक फेरा ढिले करावेत. आधी दोनच सिलिंडर घेतले तरी चालते. एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, दुसऱ्याने नटांकडे बघायचे, पण हात आणि चेहरा लांब ठेवून. नटातून डिझेल ठोके घेत उडायला लागले की सेल्फ थांबवून नट आवळायचे. मग उरलेले दोन. सगळे आवळून झाल्यावर सेल्फ मारला की इंजिन आधी एक-दोन सिलिंडरवर खडखडत सुरू होते आणि थोड्या वेळात सुरळीत होते. पकडल्यावर लगेच बंद न करता काही मिनिटे किंचित रेसवर ठेवावे.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये किमान अर्धा-एक मिनिट थांबावे. डिझेल गाडीचा सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट ओढतो. सलग मारला तर तोच जळतो. बॅटरी उतरली की इंजिन पुरेसे वेगाने फिरत नाही, हवा तापत नाही आणि डिझेल पोचूनही पेटत नाही. हीटर प्लग असलेल्या गाडीत दरवेळी डॅशबोर्डवरचा स्प्रिंगच्या आकाराचा दिवा विझेपर्यंत थांबूनच सेल्फ मारावा.

धूर काय सांगतो

सेल्फ मारताना एकाने सायलेन्सरकडे बघावे. धूर अजिबात नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही : हवा अजून आहे, किंवा डिझेल कुठेतरी अडले आहे. पांढरट धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही : बॅटरी कमजोर, हीटर प्लग बंद, किंवा थोडी हवा शिल्लक. दुसऱ्या परिस्थितीत गाडी सुरू होण्याच्या अगदी जवळ असते. तिथे पुन्हा सगळे खोलायला बसण्यापेक्षा चांगली बॅटरी जोडणे शहाणपणाचे.

सुरू होते आणि दोन मिनिटांत बंद पडते

ही तक्रार सर्वांत फसवी. एअर काढली म्हणून गाडी सुरू झाली, पण हवा शिरण्याची जागा तशीच आहे. किंवा रात्री ठीक आणि सकाळी पुन्हा दहा सेल्फ, कारण रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरले आणि त्या जागी हवा आली.

जागा शोधायचा सोपा उपाय म्हणजे फिल्टर आणि पंपाच्या मधे थोड्या वेळासाठी डिझेलला चालणारा पारदर्शक पाईप बसवणे. इंजिन चालू असताना त्यात सतत बुडबुडे धावत असतील तर हवा मागून येते आहे. मग एकेक जोड तपासायचा : फिल्टरची रिंग, खालचा पाणी काढायचा स्क्रू, हाताच्या पंपाचे रबर, क्लिपा, आणि वर्षानुवर्षे तापून चिरा पडलेले रबरी पाईप. फिल्टर बदलताना ओढाताण झाली की जुना पाईप नेमका तोंडाशी चिरतो. चिरलेला भाग कापून पाईप पुन्हा बसवता येतो, पण नवा घातलेला बरा.

आणखी एक तपासणी. स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन पंपापेक्षा उंच धरून, त्यातून पंपाला थेट पाईप द्यायचा. कॅनवर गाडी व्यवस्थित चालली तर पंप ठीक आहे आणि दोष टाकी ते फिल्टर या भागात आहे. ‘पंप गेला’ म्हणणाऱ्यासमोर ही तपासणी करून दाखवली की वाद मिटतो.

टाकीचे झाकणही विसरू नये. त्याचे हवेचे भोक बुजले असेल तर टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल येणे थांबते. झाकण उघडताना जोरात ‘फुस्स’ झाले आणि त्यानंतर गाडी चालली, तर कारण तेच.

पंप खोलण्याआधी आणखी दोन गोष्टी

रोटरी पंपावर डिझेल बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह असतो. फिल्टर बदलताना हात लागून त्याची वायर निघते, आणि मग कितीही एअर काढली तरी उपयोग होत नाही. चावी चालू-बंद करताना पंपापाशी ‘टक’ असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर वायर आणि फ्यूज बघावा.

ज्या जुन्या गाड्यांत इंजिन बंद करायला ओढायचा नॉब आहे, तिथे तो अर्धवट ओढलेला किंवा त्याची केबल अडकलेली नाही ना, हे बघावे. ऐकायला हसू येते, पण असे होते.

हे मात्र करू नये

डिझेल तोंडाने ओढू नये. घशात गेलेले डिझेल फुप्फुसात उतरले तर गंभीर न्यूमोनिया होतो. तसे झाल्यास उलटी न करवता तातडीने दवाखाना गाठावा.

हवेच्या फिल्टरपाशी पेट्रोलची चिंधी धरणे किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणे हा अनेकांचा आवडता उपाय. हीटर प्लग तापलेले असताना हा वायू आतच भडकतो. पिस्टन, रिंगा आणि कधी माणसाचा हातही जातो. शिवाय लाईनमधली हवा त्याने निघत नाही.

टाकीत कॉम्प्रेसरची हवा भरू नये, टाकी फुगते किंवा जोड सुटतात. कोरडा पंप सेल्फवर फिरवत राहू नये. रोटरी पंपाला वंगण डिझेलचेच असते, त्यामुळे आत ओरखडे पडून खरोखरच पंप जातो.

कॉमन रेल गाडीत इंजेक्टरचे नट कधीही ढिले करू नयेत. तिथला फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. त्या गाड्यांत फिल्टरवरचा हाताचा पंप मारणे, किंवा टाकीत विजेचा पंप असेल तर सेल्फ न मारता चावी तीन-चार वेळा चालू-बंद करणे, एवढेच आपण करावे. त्यापुढे स्कॅनरवाला मेस्त्री.

घाट उतरण्याआधी

गाडी सुरू झाली म्हणजे काम संपले असे नाही. चोर्ला असो, आंबोली असो की अनमोड, राहिलेली हवा नेमकी तिथे दगा देते. डिझेल गाडीच्या ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनावर चालणाऱ्या पंपातून मिळतो. उतारावर इंजिन बंद पडले की ब्रेक एक-दोनदा नेहमीसारखा लागतो आणि नंतर पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते.

म्हणून फिल्टर बदलल्या दिवशीच घाटाची फेरी धरू नये. आधी पंधरा-वीस मिनिटे इंजिन चालू ठेवावे, जवळपास सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर फिरवावे. परत आल्यावर टॉर्च घेऊन प्रत्येक जोड आणि नट बघावा, चिंधीने पुसून पुन्हा ओल येते का ते तपासावे. सांडलेले डिझेल तापलेल्या सायलेन्सरजवळ राहू देऊ नये. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाली, तर हवा शिरायची वाट बंद झाली असे समजावे. तशी झाली नाही, तर भाडे दुसऱ्या गाडीला देऊन आधी तो जोड शोधावा.